परगावच्या पोलिसांची नजर

नाशिकजवळच्या शिंदे गावातील मेफेड्रोनचा कारखाना ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडकीस आणला तो मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी. तेथील साठा सुमारे ३०० कोटी रुपयांचा असल्याचे त्यांनी सांगितले. त्याच महिन्यात नाशिकच्या पोलिसांनीही असा एक कारखाना शोधून काढला. पण तो सोलापूरनजीक! यात केवळ स्थानिकांची ढिलाई पाहणे अन्यायाचे होईल. दोष तपासाच्या दिशेतच आहे. आधी शहरातला विक्रेता सापडतो, त्याच्या जबानीवरून पुरवठादार आणि सर्वांत शेवटी कारखाना. तोवर विष गल्लोगल्ली पोहोचलेले असते. वस्तुतः कारखान्याला गाळा लागतो, वीज लागते, रसायनांची पिंपे लागतात. उग्र दर्पही सहजी लपत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे २५ वे कलम जागामालकालाही जबाबदार धरते, मात्र त्याने ‘जाणूनबुजून’ जागा वापरू दिली असेल तरच. या एका शब्दाची ढाल मालकांना केवढी सोयीची! गाळा कोणी व कशासाठी घेतला, हे स्थानिक ठाण्याच्या हवालदाराने महिन्यातून एकदा जाऊन विचारावे. त्यासाठी नवा कायदा नको, आणि मुंबईहून पथक येण्याची वाट पाहणेही नको.