‘५०४’ आल्यावर काय करायचं?

मित्रांनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. मुद्दा मात्र सांभाळून घेण्यासारखा नाही!

फायनल इयरच्या रिपोर्टमध्ये ‘रिक्वायरमेंट्स’ नावाचं एक चॅप्टर असतं. ते बहुतेक वेळा कसं तयार होतं? सिनियरची फाइल घ्यायची, नावं बदलायची, ‘सिस्टिम युजर-फ्रेंडली असावी’ असं एक वाक्य टाकायचं आणि द्यायचं बाइंडिंगला. ज्या आयईईई ८३० चा साचा भक्तिभावाने उतरवला जातो, ते १९९८ चं स्टँडर्ड २०११ मध्येच बाद होऊन त्याच्या जागी २९१४८ आलं, याचंही कोणाला सोयरसुतक नसतं.

पण यात बिघडलं काय? समजा, डेस्कटॉपवरचं बिलिंगचं सॉफ्टवेअर गेटवेमधून सर्व्हरला बिल पाठवतंय. बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं ‘५०४ गेटवे टाइमआउट’. आता सांगा, बिल पोचलं की नाही? खरं उत्तर आहे, कळत नाही! गेटवेला सर्व्हरचं उत्तर वेळेत मिळालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. काम झालंही असेल, नसेलही. पुन्हा पाठवावं तर डबल एंट्री, न पाठवावं तर बिल गायब. इकडे आड, तिकडे विहीर!

याचं उत्तर सबमिशनच्या आदल्या रात्री कोडमध्ये शोधायचं नसतं, आधी कागदावर लिहायचं असतं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांसाठी सुरू झालं. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. त्यात प्रत्येक बिलाला ६४ अक्षरी नंबर मिळतो. तो विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, बिलाचा प्रकार आणि बिल नंबर यांतूनच तयार होतो. त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा गेलं, तर पोर्टल ते डुप्लिकेट म्हणून परत करतं. म्हणजे पुन्हा पाठवायची भीतीच नाही. कोणीतरी आधी विचार केला होता, म्हणून हे जमलं.

तेव्हा असल्या प्रोजेक्टच्या रिक्वायरमेंट्समध्ये निदान चार गोष्टी हव्यातच. प्रत्येक नोंदीची ओळख पाठवण्याआधी ठरलेली असावी. नेट गेलं तरी काम थांबू नये, डेटा मशीनवर सेव्ह राहून नंतर जावा. एरर आली तर पुढे काय करायचं ते वापरणाऱ्याला समजेल अशा भाषेत दिसावं. आणि पासवर्ड साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडलेला नसावा!

सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. व्हायवामध्ये ‘कुठली लँग्वेज वापरली?’ याआधी ‘मध्येच नेट गेलं तर?’ असं विचारा, आणि त्याला मार्क ठेवा. टेस्टिंगसाठी लॅबचीही गरज नाही. होस्टेलच्या नेटवर रात्री दहाला जे चाललं, ते कुठेही चालेल!

गंमत सोडा. उद्या आपलंच सॉफ्टवेअर एखाद्या तालुक्याच्या गावी वापरलं जाईल. रिटर्नची शेवटची तारीख असेल, समोर अकाउंटंट बसलेला असेल आणि स्क्रीनवर ५०४ येईल. तेव्हा दंड आपल्याला नाही, त्या दुकानदाराला बसेल. ते चॅप्टर त्याच्यासाठी लिहायचं असतं, बाइंडिंगवाल्यासाठी नाही.