परीक्षकांच्या मापांत पाप

शेतकरी ज्वारीचें पोतें घेऊन बाजारांत जातो तेव्हां त्याची पहिली नजर दरावर नसते, काट्यावर असते. दर कितीही चढा असला तरी काटा खोटा असेल तर वर्षाचा घाम वाया गेला, हें त्यास आजा-पणजापासून ठाऊक आहे. म्हणून "मापांत पाप" हा बोल शाळेचें तोंड न पाहिलेल्या माणसासही येतो. सरकारनेंही हें पाप ओळखलें आहे. 2009 च्या वैधमापन कायद्याप्रमाणें दुकानदाराच्या वजनमापांची ठराविक मुदतीनें तपासणी व्हावी लागते, त्यांवर शिक्का बसावा लागतो, आणि बिनशिक्क्याचें वजन वापरणारा वाणी दंडास पात्र होतो. पण आमच्या मुलांची अक्कल ज्या काट्यावर तोलली जाते, त्या विद्यापीठाच्या काट्यावर शिक्का कोणाचा? हा प्रश्न आज आम्ही पदार्थविज्ञानाच्या, म्हणजे हल्लीं ज्यास भौतिकशास्त्र म्हणतात त्या विषयाच्या, पहिल्या वर्षाच्या परीक्षेस धरून विचारीत आहों.

हाच विषय निवडण्याचें कारण असें कीं, ह्या विषयाचा धंदाच मोजमापाचा आहे. शिवाय बी.एस्सी. असो वा अभियांत्रिकी असो, पहिल्या वर्षीं हा जकातनाका ओलांडल्याशिवाय पुढची वाट मिळत नाहीं; आणि ज्यांच्या घराण्यांत कॉलेजची पायरी पूर्वीं कोणी चढलें नाहीं, अशीं आमचीं मुलें ह्याच नाक्यावर अडकतात.

गेल्या निकालानंतर असाच एक मुलगा आमच्या कचेरींत आला. बाप कोरडवाहू शेतकरी. भौतिकशास्त्रांत शंभरांपैकीं 37 गुण. उत्तीर्ण होण्यास 40 लागतात. "दादा, मला येत होतं हो," एवढेंच तो पुनःपुन्हा म्हणत होता. आम्हीं त्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागावयास लावलें. पांच गुणांचें एक उदाहरण होतें: वीस मीटर खोल कोरड्या विहिरींत दगड सोडला, तर तळाशीं त्याचा वेग किती? पोरानें पाठ केलेलें सूत्र न वापरतां ऊर्जेच्या नियमानें वाट काढली होती. वेगाचा वर्ग 392 हें बरोबर लिहिलें होतें; वर्गमूळ काढतांना मात्र 19.8 ऐवजीं 18.9 असे आंकडे उलटे पडले. परीक्षकांनीं सगळ्या उत्तरावर आडवी रेघ मारून शून्य दिलें. पुनर्मूल्यांकनांत दुसऱ्या परीक्षकांनीं त्याच उत्तरास चार गुण दिले, आणि 37 चे 41 झाले. नापास मुलगा पास झाला. पण तो निकाल येईपर्यंत पुढचे वर्ग सुरू होऊन दोन महिने लोटले होते आणि वसतिगृहांतील त्याची जागा दुसऱ्यास गेली होती. छायाप्रतीचे पैसे वेगळे, पुनर्मूल्यांकनाचे वेगळे. चूक यजमानाची नाहीं, भटजींची. तरी दक्षिणा यजमानानेंच द्यावयाची, असा हा न्याय आहे!

आतां ह्या विषयाच्या प्राध्यापकांस आम्ही त्यांचाच पहिला धडा वाचून दाखवितों. प्रयोगशाळेंत मुलाच्या हातीं प्रथम काय देतां? व्हर्नियर कॅलिपर. आणि त्यास काय शिकवितां? हें उपकरण सेंटिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापलीकडे सांगूं शकत नाहीं. एकदां घेतलेल्या मापावर विसंबूं नकोस. निदान चार-पांच वेळां माप घे, सरासरी काढ, आणि चूक किती संभवते तें उत्तराशेजारीं लिही. चार स्वतंत्र मापांची सरासरी घेतली कीं अशी चूक निम्म्यावर येते, हेंही तुम्हीच शिकवितां. सळईचा व्यास एकदांच मोजून आणणाऱ्या मुलाची वही तुम्ही परत फेकतां. मग महाराज, तुम्ही त्या मुलाला कितीदां मोजतां? तीन तासांचा एक पेपर, एक परीक्षक, एक वाचन. आणि त्यावर निकाल असा कीं 40 म्हणजे पास, 39 म्हणजे नापास! ह्या तुमच्या उपकरणाचा लीस्ट काउंट एक गुण आहे, हें कोणत्या प्रयोगांत सिद्ध झालें?

सिद्ध झालें आहे तें ह्याच्या उलट. अमेरिकेंत स्टार्च व इलियट ह्या दोघां अभ्यासकांनीं 1913 सालीं भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीसारखा रोखठोक विषय, आणि तरी त्याच कागदास कोणी तीसपेक्षां कमी गुण दिले, तर कोणी नव्वदपेक्षां अधिक! ह्या गोष्टीस शंभरांवर वर्षें झालीं, पण आमच्या परीक्षा-मंडळांच्या कानांवर ती अजून गेलेली दिसत नाहीं. यंत्रें आणल्यानेंही हें पाप धुतलें जात नाहीं. 2017 सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. निकाल महिनेन् महिने रखडले, आणि त्याच वर्षीं कुलगुरूंस पदावरून दूर करण्यांत आलें. कागद पडद्यावर गेला, पण कोणत्या पायरीस किती गुण हें परीक्षकांनीं आपसांत आधीं ठरविलें नसेल, तर पडदा काय करील?

ही झाली इकडे-तिकडे पडणारी चूक. ती आज एकास बुडविते, उद्यां दुसऱ्यास तारते. पण तुमच्याच पुस्तकांत दुसरीही एक चूक सांगितली आहे, ती ह्याहून वाईट. व्हर्नियरचे जबडे मिटले असतांनाही कांटा शून्यावर नसेल, तर तिला शून्य-त्रुटि म्हणतात. ती नेहमीं एकाच बाजूस पडते, आणि हजार वेळां मोजलें तरी जात नाहीं. पदार्थविज्ञानाच्या परीक्षेंतील ही शून्य-त्रुटि आमच्याच मुलांच्या वांट्यास येते.

मराठी शाळेंतून दहावी झालेला मुलगा पेपर उघडतो. प्रश्न इंग्रजींत. त्यांत 'लाइट स्ट्रिंग' असें असतें. त्यास लाइट म्हणजे उजेड माहीत. दोरीला उजेड कोठून आला? त्याचा अर्थ 'दोरीचें वजन धरूं नये' असा, हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. 'स्मूथ' म्हटलें कीं घर्षण सोडावें, 'रफ' म्हटलें कीं धरावें, 'फ्रॉम रेस्ट' म्हटलें कीं सुरुवातीचा वेग शून्य घ्यावा. ही सगळी सांकेतिक भाषा शहरांतील शिकवणीवाला पैसे मोजून घेऊन पढवितो. ज्याच्या बापाजवळ ते पैसे नाहींत, त्याचे जबडे मोजमापाच्या आधींच दहा गुण मागें असतात. ज्ञानाची पोथी सोवळ्यांत ठेवून तिचा अर्थ दक्षिणा देणाऱ्यालाच सांगावयाचा, हा प्रकार महाराष्ट्रास नवा नाहीं. सत्यशोधकांनीं 1873 पासून त्याविरुद्धच हांक दिली. पोथी बदलली, सोवळें तेंच राहिलें.

बरें, इतकें करून हा काटा मोजतो तरी काय? पेपर पाहावा तर निम्म्याहून अधिक प्रश्न 'सिद्ध करा' आणि 'व्याख्या लिहा' ह्या जातीचे. तेही मागच्या पांच वर्षांच्या पेपरांतून आलटून-पालटून काढलेले. त्यांतून पाठांतर मोजलें जातें. पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन हे 1951-52 च्या सुमारास ब्राझील देशांत शिकवीत होते. त्यांना आढळलें कीं, परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणाचा नियम मुलें घडाघड म्हणतात. पण खिडकीबाहेर समुद्राच्या पाण्यावरून येणाऱ्या प्रकाशास तोच नियम लागू आहे, हें त्यांना कळत नाहीं. हें फक्त गरीब देशांत घडतें असेंही कोणी समजूं नये. हार्वर्ड विद्यापीठांत एरिक माझुर ह्या प्राध्यापकांना 1990 च्या सुमारास असाच धक्का बसला. विजेच्या मंडलाचें लांबलचक गणित सोडविणारीं त्यांचीं मुलें त्याच मंडलावरच्या साध्या, समजुतीच्या प्रश्नास अडखळलीं. माझुर यांनीं मुलांस ढ ठरविलें नाहीं. त्यांनीं आपली शिकविण्याची आणि परीक्षा घेण्याची रीत बदलली. मोठेपणा म्हणतात तो हा.

आमच्या पेपरांत असा प्रश्न कां नसावा: बैल गाडीस जितक्या जोरानें ओढतो तितक्याच जोरानें गाडी बैलास मागें ओढते असें न्यूटन सांगतो, मग गाडी चालते कशी? घोकंपट्टीवाला येथें तिसरा नियम पुन्हा म्हणून दाखवील. पण चिखलांत बैलाचे खूर घसरतांना ज्यानें पाहिले आहेत, तो शेतकऱ्याचा पोर विचार करील, आणि सांगेल कीं बैल जमिनीस मागें रेटतो म्हणून जमीन बैलास पुढें रेटते. जमिनीनें साथ सोडली कीं बैलही जागेवर आणि गाडीही जागेवर. ह्या उत्तरास कोणती शिकवणी लागते?

कित्येक मोठ्या संस्थांतून आणखी एक चाल आहे. मुलास काय येतें हें न पाहतां, इतर मुलांच्या मानानें तो कितवा ह्यावर त्याची श्रेणी ठरवावयाची. म्हणजे कापड मोजण्यासाठीं रबराचा गज! वर्ग हुशार असला तर जाणता मुलगाही खालच्या श्रेणींत पडावा, वर्ग कच्चा असला तर अर्धवटासही वरची श्रेणी मिळावी. शिवाय शेजाऱ्यास एक उदाहरण समजावून दिलें तर आपलीच श्रेणी घसरते, हा धडा त्यांतून फुकट मिळतो. अडलेल्यास हात देऊन वर आलेल्या समाजास हा धडा परवडणारा नाहीं.

इतकें म्हटलें कीं कांहीं विद्वान कपाळास आठ्या घालून म्हणतील, "तुम्हांला दर्जा खाली आणावयाचा आहे." ही आरोळी जुनीच आहे. जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें. खाजगी रीतीनें अभ्यास केलेल्यांस मुंबई विद्यापीठाच्या प्रवेश-परीक्षेस बसूं देतात ह्याबद्दल त्यांनीं संतोष दाखविला, आणि हीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्यावी अशी आशा व्यक्त केली. त्यांनीं गुणांची भीक मागितली नाहीं, दार मागितलें. आम्हीही एक गुण फुकट मागत नाहीं. आमच्या मुलास येत नसेल तर त्यास खुशाल नापास करा. आम्ही त्यास पुन्हा अभ्यासास बसवूं. पण येत नाहीं असें म्हणण्यापूर्वीं काटा सरळ करा. दर्जा बुडतो तो खोट्या काट्यानें. खरा काटा मागणाऱ्यानें तो कधींही बुडालेला नाहीं.

मग करावें काय, तेंही सांगतों. एका मोठ्या पेपराऐवजीं सत्रांत चार-पांच लहान परीक्षा घ्या आणि सर्वांची बेरीज धरा. एका दिवसाच्या तापानें वर्ष जाऊं नये. कोणत्या पायरीस किती गुण हें तपासणी सुरू होण्यापूर्वीं लिहून काढा, आणि निकालाबरोबर जाहीर करा. एक प्रश्न सर्व उत्तरपत्रिकांत एकाच परीक्षकानें तपासावा. चाळिसाच्या दोन-तीन गुण अलीकडे अडकलेली प्रत्येक उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे आपण होऊन, फी न घेतां, जावी. सूत्रांचा तक्ता पेपराबरोबरच द्या, म्हणजे पाठांतराचा बाजार आपोआप बसेल. प्रश्न मराठींत व इंग्रजींत दोन्ही छापा. 2021-22 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें अभियांत्रिकी मराठींतून शिकविण्यासही मोकळीक दिली आहे, मग प्रश्नपत्रिकेसच सोवळें कशाला? आणि तपासलेली उत्तरपत्रिका प्रत्येक मुलास दाखवा, कारण चूक कोठें झाली हें न सांगणारी परीक्षा कांहींच शिकवीत नाहीं. ह्या कामास माणसें लागतील हें आम्ही जाणतों. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाच्या डोक्यावर उत्तरपत्रिकांचा ढीग ओतून न्यायाची अपेक्षा करणें हाही अन्यायच आहे. जागा भरा, तपासणीस वेळ द्या, आणि योग्य मोबदलाही द्या. फीचा पैसा तुम्ही घेतांच आहां.

आणि विद्यार्थी बंधुभगिनींनो, दोन शब्द तुम्हांसही. नापास झालांत कीं लगेच "आपल्या डोक्यांतच नाहीं" असें म्हणून गांवची वाट धरूं नका. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणें हा माहितीच्या अधिकारांतील हक्क आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें 9 ऑगस्ट 2011 रोजीं दिला आहे. तो हक्क बजावा. उत्तरपत्रिका मागवा, चार जण मिळून ती वाचा. चूक तुमची निघाली तर निमूटपणें मान्य करून अभ्यासास लागा. चूक काट्याची निघाली तर गप्प बसूं नका. तुमच्या मागून येणाऱ्या धाकट्या भावंडांना त्याच काट्यावर चढावयाचें आहे.