गोष्टी फुकट आहेत, वाचून दाखवणारा हवा

जून महिना लागला की भोर-नसरापूरच्या रस्त्यावर सकाळी एक दृश्य हमखास दिसते. डोक्याला चपचपीत तेल, गळ्यात टाय, पायात नवे बूट आणि पाठीवर अंगापेक्षा मोठे दप्तर अशी पाच-सहा वर्षांची मुले शाळेच्या गाडीची वाट पाहत उभी असतात. शेजारी आई असते, तिच्या डोळ्यांत कौतुक असते आणि मनात फीच्या हप्त्याचा हिशेब चाललेला असतो. ज्यांच्या गावापर्यंत गाडी येत नाही, ते आणखी पुढचा मार्ग धरतात. कात्रज-धनकवडीला एक खोली भाड्याने घेतली जाते, आई मुलांना घेऊन तिथे राहते आणि गावाकडे भाताची खाचरे सांभाळायला म्हातारा-म्हातारी उरतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘पोरांना इंग्रजी आलं पाहिजे.’

या एका वाक्याने भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरातील शाळा रिकाम्या होत चालल्या आहेत. (वेल्हे तालुक्याला सरकारी कागदावर आता राजगड तालुका म्हणतात, लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे.) २०१८ साली याच डोंगरपट्ट्यातील चांदर गावाची शाळा बातम्यांत आली, ती तिथे एकच विद्यार्थी उरला म्हणून. सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण खात्याने कमी पटाच्या शाळांची मिळून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर आपल्या पानशेतचे नाव घेतले गेले. पट का घसरतो याची कारणे अनेक आहेत. धरणे झाली, माणसे उठली, शहराने ओढून घेतले. पण उरलेली मुलेही गावच्या शाळेतून काढली जातात, त्यामागे इंग्रजीची धास्ती मोठी आहे.

पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. इंग्रजीमुळे नोकरीची दारे उघडतात हे त्यांनी स्वतः अडून पाहिलेले आहे. सरकारलाही ते पटले होते. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीत भेटत असे. म्हणजे वेल्ह्याच्या द्विशिक्षकी शाळेतही इंग्रजीचे पुस्तक पहिलीपासून आहे. अडचण आहे ती पुस्तक मिटल्यानंतरची. शहरातल्या मुलाच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडते. केळदच्या किंवा हिर्डोशीच्या मुलासाठी पुस्तकाबाहेरचे इंग्रजी म्हणजे खताच्या पोत्यावरची अक्षरे आणि मोबाइलच्या पडद्यावरची बटणे. गोष्टीची पुस्तके विकत घ्यावीत तर दुकान पुण्यात, आणि किंमत मजुरीच्या हिशेबात न बसणारी.

नेमकी ही उणीव भरून काढणारे पुष्कळ साहित्य आज इंटरनेटवर मोफत आहे, आणि ते चांगले आहे. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर मुलांच्या सचित्र गोष्टी आहेत, वाचनाच्या चार पायऱ्यांत लावलेल्या. पहिल्या पायरीवर पानाला एखादे वाक्य, चौथीवर ऐसपैस गोष्ट. त्यातल्या कित्येक गोष्टी इंग्रजीत आहेत आणि मराठीतही आहेत, चित्रे तीच. ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके उतरवून घेता येतात. तिचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते. त्याचे जुने अंकही कुणालाही घरबसल्या चाळता येतात. केंद्राच्या ‘दीक्षा’वर पाठागणिक साहित्य आहे. पुण्यात ‘आयुका’च्या आवारात वर्षानुवर्षे टाकाऊतून खेळणी करून दाखवणाऱ्या अरविंद गुप्तांनी इंग्रजी, हिंदी आणि मराठीतील पुस्तकांचा मोठा साठा आपल्या संकेतस्थळावर मोकळा ठेवला आहे. ‘किशोर’ निघाले त्याच १९७१ साली अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी ‘गुटेनबर्ग प्रकल्पा’चा आरंभ केला. आज त्यावर हजारो इंग्रजी पुस्तके आहेत. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचे १८९४ सालचे ‘जंगल बुक’ही आहे. २००५पासून चालणाऱ्या ‘लिब्रिव्हॉक्स’वर अशीच पुस्तके स्वयंसेवकांनी वाचून ध्वनिमुद्रित केली आहेत. आणि शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोशही मोफत उघडतो.

इथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. मोफत आणि चोरीचे यात फरक आहे. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांचे होते. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०११पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते, वाटता येते. ‘स्टोरीवीव्हर’च्या गोष्टींना निर्मात्यांनीच परवानगी दिली आहे. श्रेय द्या आणि खुशाल छापा, अनुवाद करा. याउलट आजच्या मराठी लेखकांची पुस्तके कुणीतरी स्कॅन करून व्हॉट्सअॅपवर फिरवतो, तो त्यांच्या पोटावर पाय आहे. मुलांना साहित्याची गोडी लावायची तर सुरुवात तरी प्रामाणिक मालाने करावी.

आता मुख्य मुद्दा. हे सारे साहित्य वर्षानुवर्षे मोकळे असूनही त्या खाचराच्या बांधापर्यंत पोहोचलेले नाही, ते का? एक तर रेंज. राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या कित्येक वाड्यांत मोबाइल लागावा म्हणून माणसे टेपावर चढून उभी राहतात. पण हा अडसर वाटतो तेवढा मोठा नाही. गोष्ट एकदाच उतरवून घ्यायची असते. बाजारहाटाला भोरला आल्यावर ती फोनमध्ये साठवली, की पुढे महिनाभर रेंज नसली तरी चालते. बारा पानांची गोष्ट झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली, तर फोनही लागत नाही.

खरा अडसर दुसराच आहे. ढीगभर फुकट वस्तूंतून आपल्या मुलासाठी एक निवडायची कशी, आणि निवडल्यावर ती वाचून कोण दाखवणार? मुलाच्या हातात फोन देऊन ‘घे, इंग्रजी शीक’ म्हटले की दहाव्या मिनिटाला ते भलत्याच चित्रफितीवर पोहोचलेले असते. ‘जंगल बुक’ फुकट मिळते म्हणून तिसरीच्या मुलापुढे ठेवले, तर त्यातली शंभर वर्षांपूर्वीची वळणदार वाक्ये पाहून ते इंग्रजीलाच कंटाळेल. ते पुस्तक आधी गुरुजींनी, बाईंनी, ताई-दादांनी वाचावे आणि त्यातला मोगली मुलांना मराठीतून सांगावा. मुलाच्या हाती पहिल्या पायरीची गोष्ट द्यावी.

आमच्या मते सर्वात सोपी रीत अशी. गोष्ट आधी मराठीत वाचायची, मनसोक्त, आवाज काढून. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, तीच चित्रे, इंग्रजीत. पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असते, त्यामुळे शब्दाचा अर्थ त्याला चित्रावरून आणि आठवणीवरून सापडतो. चौथ्या-पाचव्या वेळी वाक्य तेच पुरे करते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचे इंग्रजी पोसले गेले, त्यांना हे नवे वाटणार नाही. त्यांनीही मराठीचा हात धरूनच इंग्रजीचा उंबरा ओलांडला. आणि मराठी बालसाहित्याचा पाया घातला गेला तोही असाच. १८२८च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. तोच इसाप आज इंग्रजीतही मोफत मिळतो. आंबट द्राक्षांचा कोल्हा मुलाला मराठीतून ओळखीचा झालेला असतो. इंग्रजीत तो भेटला की दडपण कशाचे?

‘आमचे उच्चार चुकतात,’ असे कित्येक शिक्षक आणि आया म्हणतात. चुकू द्यावेत. उच्चार ऐकवायला ध्वनिफिती आहेत, त्या पुन्हा पुन्हा लावता येतात. पण मांडीवर घेऊन, बोट ठेवून, ‘सांग बघू आता काय होईल?’ असे विचारायला माणूसच लागतो. शाळेची गाडी, टाय आणि बूट यांवर वर्षाला हजारो रुपये खर्चूनही पुष्कळ मुलांच्या वाट्याला हा अर्धा तास येत नाही. तो मिळाला तर गावच्या मराठी शाळेतले मूलही मागे राहायचे कारण नाही.

यामुळे सरकारची जबाबदारी संपते, असा अर्थ कुणी काढू नये. एका शिक्षकाने चार वर्ग सांभाळून, माहितीचे तक्ते भरून, वर गोष्टीही वाचाव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्राने निवडलेल्या पन्नास गोष्टी दोन्ही भाषांत छापून प्रत्येक शाळेला द्याव्यात. हक्काचा प्रश्न नाही, खर्च फक्त कागदाचा आहे. आठवड्यातले दोन तास वाचनासाठी राखून ठेवावेत आणि त्या तासाला कागदोपत्री काम मागू नये. कातकरी आणि धनगर वस्त्यांवरच्या मुलांसाठी त्याच गोष्टी त्यांच्या बोलीत उतरवाव्यात, परवानगी आहेच.

आणि थोडी जबाबदारी आपलीही आहे. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे मूळ गाव त्याच डोंगरात आहे. गणपतीला, जत्रेला आपण जातो. इतर कित्येक जण राजगड-तोरणा चढायला म्हणून जातात आणि पायथ्याच्या घरात पिठलं-भाकरी खाऊन परततात. पुढच्या वेळी निघण्याआधी घरच्या मुलांना बसवून चार गोष्टी निवडायला सांगा, मराठीत आणि इंग्रजीत छापून घ्या, आणि खाऊच्या पुड्याबरोबर पिशवीत टाका. तिथे पोहोचल्यावर त्या नुसत्या देऊन येऊ नका. ओसरीवर बसा, पोरांना गोळा करा आणि एक तरी वाचून दाखवा. चुलीपाशी बसलेली त्यांची आईही ऐकत असते. दुसरी गोष्ट कदाचित तीच वाचेल.