वाळूच्या नकाशावर विहिरीही हव्यात

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावात वाळू म्हटले की ब्रास, लिलाव, रॉयल्टी आठवते. आरोग्य कुणाला आठवत नाही. खरे तर नदीपात्रातली वाळू हा फुकटचा फिल्टर. तिच्यातून झिरपूनच पाणी काठच्या विहिरींत उतरते. १८९२ साली हॅम्बुर्ग शहर एल्बे नदीचे पाणी न गाळता प्यायले आणि कॉलऱ्याने ८ हजारांवर माणसे गेली. त्याच नदीवर खालच्या अंगाला असलेले आल्टोना मात्र बरेचसे वाचले. तिथे पाणी वाळूतून गाळले जाई!

केंद्राच्या २०१६ च्या सूचनांनुसार प्रत्येक जिल्ह्याला वाळूचा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो. २०२० च्या सूचनांनी पावसाळ्याआधी व नंतर पात्र मोजून वाळू किती भरून आली, तेही पाहायला सांगितले. चांगलेच आहे. पण सगळे लक्ष वाळू किती काढता येईल, याकडे. उपशानंतर थर किती उरेल, नळपाणी योजनेची विहीर किती जवळ आहे, हेही नकाशावर ठळक दिसायला हवे. खड्ड्यांत साचलेल्या पाण्यातले डास वेगळेच. लिलावाआधी हा नकाशा ग्रामसभेत मांडावा, आणि त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही बोलवावे.