दुर्गाघाटच्या गच्चीवर मधुमालती लावणार असाल तर

मधुमालती जरूर लावा. बनारसचं ऊन सोसणारी ती चिवट वेल आहे. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, सकाळी गुलाबी होतं, एक-दोन दिवसांत लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. वास रात्री जास्त सुटतो.

पण ही वेल भराभर वाढते. लावणं सोपं, आवरणं अवघड. म्हणून एकच नियम ठेवा: तुमचा हात पोचेल तिथवरच तिला वाढू द्या.

आधी घर बघा. आपल्या घाटावर नाना फडणवीसांचा वाडा आहे. आसपासचीही बरीच घरं जुनी, चुना-विटांची. अशा गच्चीवर भार जपून टाका. दीड फुटी कुंडी भिजली की दोन माणसांनाही सहज हलत नाही. ती गच्चीच्या मध्यावर ठेवू नका. खाली जिथे भक्कम भिंत आहे, तिथेच ठेवा. कुंडीखाली विटा लावा, म्हणजे पाणी तुंबणार नाही आणि ओल लगेच दिसेल. खालच्या खोलीत ओल आली, तर आधी कुंडी हलवा.

कठड्यावर मात्र कुंडी कधीच नको. माकडं ढकलतात. नवरात्रात दुसऱ्या माळेला ब्रह्मचारिणीच्या दर्शनाची रांग याच गल्ल्यांतून जाते. खाली कोणाचं तरी डोकं असतं.

मग माती. पूर ओसरला की गंगा पायऱ्यांवर गाळ ठेवून जाते. तो वाळवून वापरा, पण नुसता नको. सुकला की दगडासारखा आवळतो. एक भाग गाळ, एक भाग जाडी वाळू, एक भाग शेणखत घ्या. निर्माल्याचं खतही चांगलं. त्यातले दोरे, जरी, प्लास्टिक काढून टाका. फुलं पूर्ण कुजू द्या आणि खत मातीत पुरा. साली, केळं, प्रसाद वर टाकाल तर माकडांना आमंत्रण द्याल.

जागा उन्हाची निवडा. रोज पाच-सहा तास ऊन हवं. अरुंद चौकात ती पानं देईल, फुलं देणार नाही.

मांडव तिचा तिला द्या. चुन्याच्या भिंतीत खिळे ठोकू नका. पावसाचं पाणी त्याच भोकांतून शिरतं. लोखंडी नळ्यांचा सुटा मांडव करून घ्या. बांबू माकडांच्या झोक्यांनी मोडतो. मांडव आपल्या डोक्यापेक्षा हातभरच उंच ठेवा. विजेच्या तारेकडे निघालेला शेंडा वीतभर असतानाच कापा. वेल तारेत गुंतली असेल तर स्वतः ओढू नका. वीज खात्याला कळवा.

पाणी ऋतू बघून घाला. मे-जूनमध्ये लू सुटली की सकाळ-संध्याकाळ द्या, भर दुपारी नको. पावसाळ्यात मातीत बोट घालून बघा, ओली असेल तर राहू द्या. कुंडीखाली थाळी असेल तर निदान आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि आधी घरातलीच माणसं आजारी पडतात.

पौष-माघात धुकं पडतं, पानं पिवळी होऊन गळतात. वेल मेली असं समजून पाणी ओतू नका, मुळं कुजतील. माती वरून कोरडी झाली की थोडंसं पाणी पुरे.

छाटणी टाळू नका. वसंत पंचमी ते होळी, हा काळ धरा. थंडी सरलेली असते. अर्धी वेल कापलीत तरी चालेल. फूल नव्या फुटव्यावर येतं. आधी वाळक्या काड्या काढा, मग एकमेकींत गुंतलेल्या. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. जुन्या देठांचे काटे होतात, ते ओरबाडतात. छाटणी झाली की ओंजळ-दोन ओंजळी शेणखत द्या. युरियाचा मारा केलात तर पानंच माजतील.

शेजाऱ्यांशी आधी बोला. इथे गच्चीला गच्ची लागून आहे. फांदी पलीकडे जाण्यापूर्वी विचारा. पडलेली फुलं रोज झाडा. पन्हळीत अडकली तर पावसाचं पाणी दुसऱ्याच्या घरात उतरतं. ओल्या पाकळ्यांवरून दगडी जिन्यात म्हातारं माणूस घसरतं.

रोप विकत घ्यायलाच हवं असं नाही. श्रावणात खालची एक लवचीक फांदी वाकवा. मधली साल थोडी खरवडून तो भाग दुसऱ्या कुंडीच्या मातीत दाबा आणि वर वीट ठेवा. दीड-दोन महिन्यांत हलकेच ओढून बघा. धरून राहिली तर मुळं फुटली. मूळ वेलीपासून कापून ते रोप शेजारच्या घरी द्या. सोबत मांडव आणि छाटणीचंही सांगा, नाहीतर दोन वर्षांनी त्यांची वेल तुमच्या गच्चीवर येईल.