नमुना बदलताना नोंद जपावी

बियाण्याची पिशवी विकत घेताना जाणता शेतकरी प्रथम तिला लावलेली चिठ्ठी पाहतो. वाणाचे नाव, लॉटचा क्रमांक, तपासणीची तारीख आणि मुदत ही त्या चिठ्ठीवर असतात. दाणा डोळ्यांना कितीही टपोरा दिसला तरी चिठ्ठीवाचून त्याचा भरवसा धरता येत नाही. शेतीच्या कारभारात जे नमुने भरले जातात त्यांनाही हाच न्याय लागू आहे. नमुना कोणता, त्याची आवृत्ती कितवी व ती कोणत्या तारखेपासून चालू, हे ज्यावर लिहिलेले नाही, त्यात भरलेला आकडा चिठ्ठी नसलेल्या बियाण्यासारखाच समजावा.

पूर्वी कोरे नमुने कचेरीच्या कपाटात असत. आता पुष्कळ संस्थांत ते ई-मेलच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवले जातात. मायक्रोसॉफ्टची एक्स्चेंज व आउटलुक ही व्यवस्था जेथे वापरात आहे, तेथे संस्थेला आपल्या गरजेप्रमाणे नमुना तयार करून तो अशा फोल्डरमध्ये प्रसिद्ध करता येतो. कार्यकर्ता तो उघडतो, भरतो, आणि भरलेली नोंद त्याच फोल्डरमध्ये सर्वांना पाहावयास मिळते. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. तथापि, कपाटातील कागदांचा गठ्ठा बदलणे आणि फोल्डरमधील नमुना बदलणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच घोटाळे होतात.

कागदावर प्रश्न आणि उत्तर एकाच ठिकाणी असतात. नवा कागद छापला तरी जुन्या कागदावरील रकाने जसेच्या तसे राहतात. फोल्डरमधील नोंदीत मात्र सामान्यतः भरलेली उत्तरे व नमुन्याचे नाव एवढेच साठविलेले असते. रकान्यांची मांडणी नमुन्यात असते. नोंद उघडली म्हणजे आउटलुक त्या नावाचा नमुना शोधून काढते आणि त्यात जुनी उत्तरे मांडून दाखविते. म्हणून त्याच नावाने नवा नमुना प्रसिद्ध केला, तर गेल्या वर्षीची नोंदही नव्या रकान्यांखाली दिसू लागते.

यात काय धोका आहे ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, जुन्या नमुन्यात क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिले जात होते. एका शेतकऱ्याने १.२० असे लिहिले. म्हणजे एक एकर वीस गुंठे, सुमारे ६१ आर. पुढे कोणी त्याच रकान्यावरील मथळा बदलून ‘हेक्टर-आर’ असा केला. आता तीच नोंद एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर, अशी वाचली जाईल. शेतकऱ्याने खोटे लिहिले नाही, कार्यकर्त्याने चूक केली नाही. तरीही क्षेत्र दुप्पट झाले. पुढे जमिनीच्या उताऱ्याशी मेळ बसला नाही की, संशय येतो तो शेतकऱ्यावरच.

जुना नमुना चुकून वापरात राहणे हेही तितकेच घातक आहे. नैसर्गिक आपत्तीत पिकाचे किमान ५० टक्के नुकसान झाल्याशिवाय मदत मिळू नये अशी पूर्वी अट होती. २०१५ साली केंद्र सरकारने ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली. अशा वेळी ‘५० टक्के किंवा अधिक’ आणि ‘५० टक्क्यांहून कमी’ असे दोनच रकाने असलेला जुना नमुना एखाद्या संगणकात उरला, तर ज्याचे ४० टक्के पीक गेले तो शेतकरी ‘कमी’ या रकान्यात जाऊन पडेल. नियम त्याच्या बाजूने असूनही नमुना त्याच्या विरुद्ध जाईल. यातून आणखी एक बोध घेण्यासारखा आहे. नमुन्याने निर्णय विचारू नये, शेतात जे दिसले ते विचारावे. नुकसान किती टक्के, एवढाच प्रश्न असता तर नियम बदलूनही नमुना बदलण्याचे कारण पडले नसते.

यास्तव नमुना बदलणाऱ्याने एक भेद कटाक्षाने पाळावा. केवळ नवा रकाना वाढवावयाचा असेल, तर नाव तेच ठेवून आवृत्तीचा क्रमांक वाढवावा; जुन्या नोंदीत तो रकाना कोरा दिसेल, एवढेच. परंतु रकान्याचा अर्थ, माप किंवा हिशोबाची रीत बदलत असेल, तर नमुन्याला नवे नाव दिलेच पाहिजे. नावे वाढल्याने गोंधळ होतो, असा आक्षेप कोणी घेतात. त्यात तथ्य आहे. पण दोन नावांचा गोंधळ डोळ्यांना दिसतो व निस्तरता येतो. एकाच नावाखाली लपलेले दोन अर्थ कोणालाच दिसत नाहीत.

जुना नमुना काढून टाकण्याची घाईही करू नये. तो नाहीसा झाला की त्याच्या नोंदी साध्या पत्राच्या रूपात उघडतात. आकडे आत असूनही नेहमीसारखे दिसत नाहीत. नव्या नोंदीसाठी तो कोणाला मिळणार नाही असा लपवून ठेवावा, म्हणजे जुन्या नोंदी वाचण्यापुरता तो उपयोगी पडतो.

नमुना फोल्डरमध्ये एकाच ठिकाणी असावा. त्याच नावाच्या प्रती प्रत्येकाने आपल्या संगणकात प्रसिद्ध करून ठेवल्यास कोणती उघडेल याचा नेम राहत नाही. नोंदीबरोबर संपूर्ण नमुनाच जोडून पाठविण्याची सोयही टाळावी. अशी नोंद नमुन्याची स्वतःची प्रत घेऊन फिरते आणि पुढील सुधारणा तिला लागू होत नाहीत. शिवाय आउटलुक उघडलेल्या नमुन्याची एक प्रत संगणकात साठवून ठेवते. ती बहुधा आपोआप बदलते. क्वचित बिघडून जुनीच पुढे येते. मग ती साठवण पुसून टाकावी लागते. नमुन्याच्या माथ्यावर क्रमांक व तारीख ठळक असली, तर हा दोष गावातल्या गावात लक्षात येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने नमुना भरण्यापूर्वी त्यावरील क्रमांक पाहण्याची सवय लावून घ्यावी, आणि मोबाईलवरून हाती आलेली जुनी प्रत वापरू नये. परंतु सारा भार त्याच्यावर टाकणे न्यायाचे नाही. नमुना बदलण्याचा अधिकार एका नेमलेल्या व्यक्तीकडे असावा, आणि काय बदलले, का बदलले व केव्हापासून बदलले हे तिने त्याच फोल्डरमध्ये दोन ओळींत लिहून ठेवावे. जुन्या नमुन्यात भरलेला अर्ज केवळ तेवढ्याच कारणाने परत केला जाऊ नये. तो नव्यात उतरवून घेण्याची जबाबदारी नमुना बदलणाऱ्या कचेरीची आहे. माप बदलणाऱ्याने जुन्या मापाने घातलेले धान्य नाकारू नये, तर ते नव्या मापाने मोजून द्यावे, हीच रास्त रीत होय.