पुराचा अंदाज आता एआय देतंय, मग नदीवर पीएचडी करायची कशाला?

पावसाळ्यात कोल्हापूरच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही तासांनी एक आकडा येतोच: राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ मध्ये पंचगंगा इथे ५५ फुटांच्याही वर गेली होती. पण हा आकडा आत्ताचा असतो. गोठ्यातली जनावरं आणि तळमजल्यावरचं सामान कधी हलवायचं, हे ठरवायला परवाचा आकडा लागतो.

तो देण्याचा प्रयत्न गूगलचं फ्लड हब करतंय. सुरुवात २०१८ मध्ये पाटण्याच्या परिसरातून झाली. आज ब्राउझरमध्ये नकाशा उघडला की अनेक देशांतल्या नद्यांचा सात दिवसांपर्यंतचा अंदाज फुकट दिसतो. मार्च २०२४ मध्ये या मॉडेलवरचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. त्यातला दावा मोठा आहे. जिथे पाणी मोजणारं केंद्रच नाही अशा नद्यांवरही हे मॉडेल मोठ्या पुराबद्दल पाच दिवस आधी जे सांगतं, ते युरोपच्या ग्लोफास या यंत्रणेच्या त्याच दिवसाच्या अंदाजाइतकं किंवा त्याहून जास्त भरवशाचं असतं.

हे वाचल्यावर सिव्हिलच्या पोरांना प्रश्न पडणारच: मग पूर-दुष्काळाच्या संशोधनात उरलंय काय? माझ्या मते बरंच. पुरावा या मॉडेलच्याच जन्मकथेत आहे.

ज्या नदीवर मोजमापच नाही तिचा अंदाज कसा द्यायचा, हा जलविज्ञानातला जुना छळवादी प्रश्न. जगभरच्या अभ्यासकांनी २००३ ते २०१२ हे अख्खं दशक त्यासाठी वाहिलं होतं. पुढे ऑस्ट्रियातल्या लिंझ विद्यापीठात फ्रेडरिक क्रात्झर्ट या संशोधकाने एलएसटीएम नावाचं न्यूरल नेटवर्क नद्यांवर वापरून पाहिलं. हे तंत्र १९९७ चं. ते मांडणाऱ्या दोघांपैकी सेप होखरायटर त्याच विद्यापीठात शिकवतात. गूगल ट्रान्सलेटही काही वर्षं यावरच चालायचं.

भाषांतराचं तंत्र नदीला कसं लागू पडलं? कारण दोन्हीकडे मागचं लक्षात ठेवावं लागतं. कोरड्या जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर बराचसा मुरतो. आठ दिवसांच्या झडीनंतर तेवढाच पडला तर थेट ओढ्यात उतरतो. म्हणजे नदीला आठवण असते. एलएसटीएममध्ये अशी आठवण साठवायची जागाच असते. गंमत म्हणजे, बर्फ साठतो आणि वितळतो हे कुणी सांगितलं नसताना मॉडेलच्या एका कोपऱ्यात बर्फाच्या साठ्याचा हिशोब आपोआप तयार झाल्याचं दिसलं. पण तो बर्फाचा हिशोब आहे हे ओळखलं कुणी? नदी शिकलेल्या माणसानेच.

मॉडेल शिकलं ते अमेरिकेतल्या ६७१ पाणलोट क्षेत्रांच्या खुल्या डेटासेटवर. त्यामागे रोज नदी मोजणाऱ्या माणसांची अनेक वर्षं आहेत. आपली अडचण नेमकी इथे आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू या खोऱ्यांतल्या प्रवाहाचा डेटा सरकार गोपनीय मानतं. कृष्णा-गोदावरीचा इंडिया-डब्ल्यूआरआयएस पोर्टलवर मिळतो, पण त्यातही मधेच दिवस गायब असतात. ते निस्तरण्यात पीएचडीचं पहिलं वर्ष जातं म्हणतात, आणि ते खोटं नाही.

दुसरी गोष्ट धरणांची. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी गाठली की उघडतात. हे गणितात बसवता येतं. कोयनेचे मात्र माणसं ठरवून उघडतात. तो निर्णय पावसाच्या डेटात कुठून दिसणार?

आणि दुष्काळ? त्याच्याबद्दल रात्री अलर्ट वाजत नाही. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून. तीन वर्षांनी तोच सांगली जिल्हा बुडाला. त्यामुळे हे दोन विषय एकाच प्रयोगशाळेत शिकावे लागतात. पूर्वी दुष्काळ ठरायचा पैसेवारीवर, ५० पैशांच्या खाली की वर. २०१६ च्या केंद्राच्या संहितेनंतर पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवळ असे निर्देशांक आले. निर्देशांक चुकला तर तालुका यादीतून बाहेर राहतो आणि शेतकऱ्याची मदतही. माझ्या लेखी या करिअरचं खरं वजन इथे आहे, पुराच्या ॲपमध्ये तेवढं नाही.

रस्ता काय? सिव्हिल, कृषी अभियांत्रिकी किंवा भूगोल, मग एमटेक आणि पीएचडी. रुरकीत जलविज्ञानाचं शिक्षण १९७२ पासून आहे, राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही तिथेच. मान्सूनसाठी पुण्याची आयआयटीएम. आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष हे चांगलं उदाहरण: बंगळुरूच्या आयआयएससीत पी. पी. मुजुमदार यांच्याकडे पीएचडी, मग भारतातल्या अतिवृष्टीवर आणि मुंबईच्या पुरावर काम, २०१९ मध्ये भटनागर पुरस्कार. पैशांचं खरं सांगायचं तर जेआरएफ २०२३ पासून महिना ३७,००० आहे. आयटीतल्या मित्रांशी तुलना करू नका, आणि पाच वर्षं धरून चला.

पण आधी आवड तपासायची असेल तर प्रवेश परीक्षेची वाट बघायला नको. न्यूरलहायड्रॉलॉजी ही क्रात्झर्ट आणि सहकाऱ्यांची पायथन लायब्ररी फुकट आहे, गूगल कोलॅबवर चालते. कृष्णेवरचं एखादं केंद्र घ्या, जुना डेटा देऊन मॉडेल शिकवा आणि ऑगस्ट २०१९ चा अंदाज मागा. ते कुठे आणि का चुकलं हे शोधताना रात्र कधी सरली कळलं नाही, तर अर्जाची तारीख बघायला हरकत नाही.